बेटावरचं दोनशे बारावं वर्ष

माझी बायको दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि त्यावरून ही कवळ्या, कॅपा, ब्रिज घडवते. लॅबमध्ये तिला मोजपट्टी म्हणतात. ती प्रत्येक वस्तू तीनदा मोजते, आणि तिसऱ्यांदा मोजून झालं की पहिल्या दोनदा चुकलं नसेल ना, म्हणून चौथ्यांदा. बावीस वर्षांत तिने केलेली एकही कॅप परत आलेली नाही. दुसऱ्या कुणाला याचा अभिमान वाटला असता. हिला वाटतं, इतकी वर्षं आली नाही, म्हणजे आता कधीही येईल.

घरी तेच. गॅस बंद केलाय का ते बघायला ती दोन जिने उतरून पुन्हा वर जाते. कुलूप लावल्यावर ते इतक्या जोराने ओढते की शेजारीण एकदा चोर समजून बाहेर आली होती. मी ड्रायव्हिंग शाळेत शिकवतो. घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसणं हा माझा धंदाच आहे, पण तिथे माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. घरात तशी सोय नाही. म्हणून मी चिडतो. चिडून काही होत नाही हे लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं, तरी अजून चिडतो.

अशा बाईच्या हातात एका मंगळवारी कुरिअरवाल्याने नेहमीचा पत्र्याचा डबा ठेवला. डब्यात स्पंजमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन शब्द: राज्य तुझ्यावर.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. आमच्या लहानपणी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडायचो, त्याच्या खाचेत वरून खुपसायची ती. तळहाताएवढी, करड्या प्लास्टिकची. हिच्या माहेरी ही एकच कॅसेट होती आणि खेळणारे दोघे, ही आणि हिचा धाकटा भाऊ. खेळात एक बेट आहे. त्यावर घरं बांधायची, विहिरी खणायच्या, होड्या पाठवायच्या, वादळात जे पडेल ते पुन्हा उभं करायचं. बेटावरचं एक वर्ष खेळून व्हायला दीडदोन तास लागतात, आणि वर्ष संपलं की सगळं कॅसेटमध्येच जपून ठेवता येतं. भांडणं नकोत म्हणून आईने नियम घालून दिला होता, एक वर्ष ताईचं, एक वर्ष भावाचं. पकडापकडीत ज्याच्यावर राज्य येतं तो रडकुंडीला येतो. यांच्याकडे मात्र राज्य आपल्यावर यावं म्हणून मारामारी व्हायची.

पुढे भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. तिथल्या जुन्या बाजारात त्याला कॅसेट लावायचं तसलंच यंत्र सापडलं आणि कॅसेट प्रवासाला लागली. साधारण तीन महिन्यांनी डबा येतो. ही एखाद्या रविवारी बेटावरचं एक वर्ष खेळते, 'राज्य तुझ्यावर' लिहिते आणि डबा परत पाठवते. एकोणीस वर्षं असं चाललंय. त्यातली शेवटची आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद आहे. फोन नाही, येणंजाणं नाही, बरंवाईट कळवणं नाही. त्या दोन शब्दांपलीकडे एक अक्षर इकडून तिकडे जात नाही.

त्या मंगळवारी तिने कॅसेट लावली आणि टीव्हीवर नुसता करडा पडदा आला.

तिने काढून पुन्हा लावली. करडा पडदा. ती खाली बसली.

"माझ्याकडे आल्यावर बिघडली," ती म्हणाली.

"वाटेत बिघडली असेल. कुरिअरवाले काय फुलासारखी आणतात का?"

"त्याला तसं वाटणार नाही. त्याला वाटेल, हिने मुद्दाम थांबवलं. हिला निमित्तच हवं होतं, असं वाटेल." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "हे बंद पडलं तर आमच्यात काहीच उरत नाही हो."

ते खरं होतं. मी कॅसेट उचलली, उलटी केली आणि लहानपणी सगळी पोरं करायची तशी तिच्या तोंडाशी फुंकर मारायला गेलो. तिने ती माझ्या हातातून काढूनच घेतली.

"फुंकू नका. थुंकी जाते आत. तिथे तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांना गंज धरतो. लहानपणी फुंकून फुंकूनच आपण सगळ्यांनी कॅसेटी मारल्या."

तिने लॅबच्या पिशवीतून कापूस, स्पिरिट आणि खोडरबर काढलं. खोडरबराने त्या पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, स्पिरिटने पुसल्या, वाळू दिल्या, भिंगाखाली बघितल्या. मग लावलं. चित्र आलं, पण तुकड्यातुकड्यांचं, समुद्र आकाशात आणि घरं उलटी. तिसऱ्या खेपेला नीट सुरू झालं. जपून ठेवलेल्या खेळांची यादी उघडली तर ती रिकामी. एकच ओळ होती: नवीन खेळ.

तिने बटण बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. दहा मिनिटांनी तिने पुन्हा सुरू केलं, तेव्हा यादीत ओळ होती. बेट, वर्ष दोनशे बारा. तेव्हा कुठे माझ्याही जिवात जीव आला, आणि मला तर त्या बेटावर विहीर कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून बाजारात गेली. मोबाइल आणि जुने गेम दुरुस्त करणारं एक दुकान आहे तिथे, मीही बरोबर गेलो. दुकानदार पंचविशीचा, बोलका. डबा उघडल्या उघडल्या त्याने चिठ्ठी वाचली.

"'राज्य तुझ्यावर'. हा गेम नाही ऐकला कधी. नवीन आहे?"

"जुना आहे," ही म्हणाली. कॅसेट तिने हातातून सोडली नव्हती, धरूनच त्याला दाखवत होती.

"मॅडम, याच्यात वेळ कशाला घालवता? हाच गेम मी कार्डावर टाकून देतो. वर चारशे गेम फुकट."

"मला गेम नकोय. यातलं जपून ठेवलेलं हवंय."

तेव्हा तो जरा गंभीर झाला. त्याने सांगितलं की आत शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते. टीव्ही बंद असताना सगळी आठवण तीच धरून ठेवते. ती संपली की सगळं पुसलं जातं. बदलायला म्हणून काढली तरी पुसलं जातं. "काढण्याआधी बाहेरून दुसरे सेल जोडून ठेवले तर वाचतं म्हणतात. मी करत नाही. गेलं तर लोक माझ्या नावाने खडे फोडतात."

येताना तीन ठिकाणी थांबून तिने पर्समध्ये डबा आहे ना ते बघितलं.

कॅसेट उघडणं हेच आधी एक त्रांगडं होतं. तिच्या स्क्रूचं डोकं वेगळंच, सहा पाकळ्यांचं, आणि खोल खड्ड्यात बसवलेलं. घरातला एकही पाना त्याला लागेना. मी ऑनलाइन मागवू या म्हटलं, यायला आठ दिवस दाखवत होते. तिने माझ्याकडे, आठ दिवस ही काय गोष्ट आहे, अशा नजरेने बघितलं. गुरुवारी ती कॅसेट घेऊन लॅबमध्ये गेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिने त्या स्क्रूचं दाताचं घेतात तसं माप घेतलं. खड्ड्यात रबराची लगदी दाबली, घट्ट झाल्यावर काढली, तिच्यात प्लास्टर ओतून स्क्रूचा नमुना केला, नमुन्यावर मेण चढवलं, मेणावरून साचा केला आणि कॅपेच्या धातूत त्याचा पाना ओतला. संध्याकाळी तो पाना स्क्रूवर बसला तो टच्च बसला, फिरवला तर फिरला. मी आजवर तिच्या कामाचं कौतुक फारसं केलेलं नाही. त्या दिवशी केलं. ती म्हणाली, "थांबा, अजून उघडायचंय."

आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर दोन काळ्या चिप आणि ती बॅटरी. भिंगाखाली बघता बघता तिला पहिला दोष सापडला. मोठ्या चिपच्या एका पायाशी सोल्डरला केसाएवढी चीर गेली होती. कॅसेट जरा हलली की तो पाय सुटायचा, म्हणून कधी चालायची, कधी नाही. तिने सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवून तो पाय पुन्हा पक्का केला. त्यानंतर कॅसेट लावली तर लगेच सुरू, दहा वेळा लावली तर दहाही वेळा सुरू. तेव्हा ती हसली. ते हसू बॅटरीला मीटर लावेपर्यंत टिकलं.

नवी बॅटरी तीन व्होल्टची असते. हिने मोजली तर दोन पूर्णांक तीस भरली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दोनच्या खाली गेली की भरवसा नाही, आणि शेवटी शेवटी ती झपाट्याने उतरते.

शुक्रवारी सकाळी दोन पूर्णांक सत्तावीस. संध्याकाळी दोन पूर्णांक चोवीस. आकडा ती कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायची. शनिवारी सकाळी दोन पूर्णांक एकोणीस. तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं, माझ्या बोलण्याकडे नव्हतं. एका जुन्या बंद पडलेल्या रेडिओच्या आतल्या पट्टीवर तिने सराव चालवला होता. बाहेरून दोन सेल तारांनी जोडायचे, जुनी बॅटरी सोल्डर वितळवून उचलायची, नवी बसवायची, मग बाहेरचे सेल सोडवायचे. बाराही वेळा तिला ते जमलं. तेराव्यांदा जमणार नाही असं तिला वाटत होतं.

"बदलली तर जाईल," ती म्हणाली. "नाही बदलली तरी जाईल."

असाच एक दिवस तिने आठ वर्षांपूर्वी काढला होता. सासूबाई, म्हणजे हिची आई, दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर धोका आहे, नाही केलं तरी धोका आहे, संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. भाऊ परगावी, मी त्या दिवशी ड्रायव्हिंग परीक्षेच्या मैदानावर अडकलेलो. हिने एकटीने सही केली. सासूबाई त्यातून उठल्या नाहीत. आई दवाखान्यात आहे म्हणून तो निघालाच होता, रात्री पोहोचला. ही त्याला म्हणाली, "तुझा फोन लागला नाही." तो नुसता हिच्याकडे बघत राहिला, मग "बरं" म्हणाला. मला त्याचं ते बघणं सहन झालं नाही. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, चार नातेवाइकांसमोर, मी त्याला म्हणालो की गरजेच्या वेळी फोन बंद ठेवायचा आणि वर बहिणीकडे असं बघायचं, लाज वाटायला हवी. त्याने खाली बघितलं आणि निघून गेला. त्यानंतर सगळ्या नात्यात तोच वाईट ठरला. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

तर शनिवारी दुपारी मी म्हटलं, "त्याला फोन कर. त्याचंही बेट आहे. विचार, करू का म्हणून."

"नको."

"का नको? जे होईल त्यात दोघांचा हात राहील."

"नको म्हटलं ना."

मग मी चिडलो. "तेव्हा लागला नाही म्हणून आता लागणार नाही असं आहे का? आता तरी उचलेल."

ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, जुन्या जखमेवर बोट ठेवलं गेलं. ती उठली, मीटर लावलं आणि कॅलेंडरवर आकडा लिहिला. दोन पूर्णांक तेरा.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिने टेबल खिडकीशी ओढलं. पांढरा कपडा अंथरला, त्यावर कॅसेट उघडून ठेवली. भिंग, सोल्डरिंगची सळई, दोन सेल, नवी बॅटरी, मीटर, सगळं मांडलं. मीटर दोन पूर्णांक आठ शतांश दाखवत होतं. मग तिने पर्समधून मोबाइल काढला, बराच वेळ नुसता हातात धरला आणि बटण दाबलं. स्पीकर चालू करून फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला. पहिल्याच रिंगला तिकडून उचलला गेला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

 "ताई? काय झालं? भावोजी बरे आहेत ना?"

आठ वर्षांनी आलेला फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार, आणि त्याच्या हिशेबात पहिला नंबर माझा होता. मी बरा आहे असं मी लांबूनच सांगितलं.

"कॅसेटमधली बॅटरी संपत आलीय," ती म्हणाली. पाठ केल्यासारखी बोलत होती, मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हती. "बदलावी लागेल. बदलताना बेट जाऊ शकतं. नाही बदलली तर दोनचार दिवसांत जाईलच. मी सराव केलाय, बारा वेळा जमलंय. पण तरी जाऊ शकतं. तू सांग. करू का?"

"तुला काय वाटतं?"

"मी नाही ठरवणार. तू सांग."

 आमच्या खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"कर," तो म्हणाला. "मी आहे फोनवर."

तिने बाहेरचे दोन सेल तारांनी जोडले. मीटरवर आकडा तीनवर चढला. ती म्हणाली, "सेल लागले." तिकडून "हं" आलं. मी बोटं एकमेकांत अडकवून उभा होतो, आणि माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता. शाळेच्या गाडीत दाबतो तसा.

रेडिओच्या पट्टीवर तिने बाराही वेळा बॅटरी बोटाने धरली होती. पण तो रेडिओ भंगारातला होता. लॅबमध्ये किमती ब्रिजला सोल्डर मारताना तो बोटाने धरायचा नसतो, आपोआप मिटणाऱ्या स्टीलच्या चिमट्यात धरायचा असतो, म्हणजे उष्णता चिमटा पिऊन घेतो आणि बाजूचा दात तडकत नाही. बावीस वर्षांची ती सवय. जपायची वस्तू समोर आली की हात चिमट्याकडे जातो. तिने चिमटा कधी उचलला ते तिलाही कळलं नसावं, मी बघत असून मला कळलं नाही. चिमट्याची दोन टोकं बॅटरीच्या दोन बाजूंना बसली, एक वरच्या पत्र्याला, एक खालच्या, आणि दोन्ही पत्रे त्या स्टीलने एकमेकांना जोडले गेले.

मीटरवर शून्य आलं.

तिने चिमटा सोडला. आकडा पुन्हा तीनवर गेला, पण शून्य आलं होतं हे आम्ही दोघांनी बघितलं होतं.  तिने काम थांबवलं नाही. जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, सेल सोडवले, कॅसेट बंद केली, स्क्रू लावले. हात जराही हलत नव्हता. मला तिची इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिने कॅसेट यंत्रात खुपसली आणि बटण दाबलं. चित्र स्वच्छ आलं, गेली कित्येक वर्षं आलं नसेल इतकं स्वच्छ. यादी उघडली. नवीन खेळ.

"ताई?" फोन म्हणाला. "काय झालं?"

"गेलं रे." मग तिचा आवाज फुटला. "माझ्या हातून गेलं. मीच चिमटा लावला. सगळं नीट होतं, मीच लावला. माझ्या हातून गेलं."

"तुझ्या हातून नाही गेलं."

"माझ्याच—"

"ताई, ऐक. ते बेट तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं. माझ्याकडे."

ती रडायची थांबली. मीही पुढे सरकलो.

"वर्ष जपून ठेवत होतो आणि वीज गेली," तो सांगायला लागला. "परत आली तेव्हा यादीत काही नव्हतं. मग मी पहिल्या वर्षापासून पुन्हा खेळलो. रोज कामावरून आलो की तेच. एकशे त्र्याण्णव वर्षं. तुझी घरं जिथे होती तिथे, तुझ्या विहिरी, तो तुझा उगाच बांधलेला वाकडा रस्ता, सगळं आठवून आठवून. सात महिने लागले."

ते सात महिने मला चांगले लक्षात होते. डबा आला नव्हता. तो आता कधीच येणार नाही असं धरून ही रोज कुरिअरच्या वेळेला गॅलरीत उभी राहायची, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

"दीपस्तंभ डावीकडे गेला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तू रागाने हलवलास."

"तो कुठे होता तेच मला आठवेना. अंदाजाने ठेवला."

"मला सांगायचं तरी होतंस."

"घाबरलो. म्हटलं, कळलं तर तू म्हणशील, संपलं एकदाचं. मग डबा यायचा नाही."

ती डोळे पुसत होती. मला वाटलं, चला, सुटलो, आता दोघं हसतील, मी दुसरा चहा टाकतो. मी भांडं उचललंसुद्धा.

"मलापण तुला एक सांगायचंय," ती म्हणाली.

मी भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिलो, कारण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. धास्तीतला नव्हता तो. धास्ती संपल्यावरचा होता.

"आईच्या वेळी तुझा फोन लागला नाही असं मी सांगितलं. मी लावलाच नव्हता. तुझं नाव काढून तासभर बसले होते. तू नको म्हणालास तर काय करू, आणि हो म्हणालास आणि आईला काही झालं तर तुला काय तोंड दाखवू. हेच फिरून फिरून. मग पाच वाजले आणि नर्स कागद घेऊन आली. मी सही केली. तू आलास तेव्हा तोंडातून निघून गेलं, लागला नाही. एकदा म्हटल्यावर मागे घेता आलं नाही. यांनाही सांगितलं नाही."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

फोन कट झाला असं वाटून तिने स्क्रीनकडे वाकून पाहिलं. मग तो बोलला, अगदी हळू.

"फोन दिवसभर माझ्या हातातच होता, ताई. तुझा येईल म्हणून."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तिथेच का नाही बोललास? सगळे तुला बोलत होते."

"सगळ्यांसमोर काय बोलणार होतो? तुला खोटं पाडू? तूच एक दिवस सांगशील म्हणून थांबलो."

"आठ वर्षं?"

"कॅसेट येत होती ना."

ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली. मोकळं, लहान मुलासारखं, आणि तो तिकडून नुसतं "ताई, ताई" म्हणत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "भावोजी आहेत का तिथे?"

"आहे," मी म्हणालो. मी भांडं खाली ठेवलं आणि फोनजवळ गेलो. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये मी त्याला चार लोकांसमोर लाज काढून बोललो होतो, आणि त्याने खिशात चालू फोन असताना ते सगळं ऐकून घेतलं होतं.